एक गाडी, दोन तिजोऱ्या

आमच्या घरी एक सेकंड हँड गाडी आली. सीमेपलीकडच्या ओळखीच्या माणसाकडून घेतलेली, पुढे-मागे केए नंबर. उमरग्याच्या माणसाला कर्नाटक काही परमुलूख नाही, सोयरीक तिकडे, बाजार तिकडे. पप्पांना वाटलं, पैसे दिले, व्यवहार संपला. मग कळलं की आधी तिकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणायचं, मग धाराशिवला एमएच-25 नंबर घ्यायचा आणि त्याआधी महाराष्ट्राचा कर भरायचा. पप्पा म्हणाले, "अरे, पहिल्या मालकानं गाडीचा जन्मभराचा कर भरलाय की! गाडी तीच, हायवे तोच. परत कसला कर?"

मी वाहनकराच्या इतिहासावर पीएचडी करतोय आणि मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट.

सुरुवात राज्यघटनेपासून करावी लागते. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत 57 वी नोंद आहे: वाहनांवरील कर. समवर्ती सूचीतली 35 वी नोंद मोटार वाहनांची आणि त्यांच्यावरच्या कराच्या तत्त्वांची. म्हणजे लायसन कसं द्यायचं, नोंदणी कशी करायची हे मुख्यतः केंद्राच्या कायद्यानं ठरतं, आणि कराचे पैसे राज्याच्या तिजोरीत जातात. आजचा मोटार वाहन कायदा 1988 चा, लागू झाला 1 जुलै 1989 ला. त्यानुसार दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो.

पैशांची ही वाटणी जुन्या भांडणातून आलीय. 1927 साली ब्रिटिश सरकारनं मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली. अडचण अशी होती की रस्ते प्रांतांनी बांधायचे आणि पेट्रोलवरचं शुल्क केंद्रानं घ्यायचं. समितीच्या शिफारशीनंतर 1929 पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन ते रस्त्यांच्या निधीत जाऊ लागले. रस्ता एकाचा आणि पैसा दुसऱ्याकडे, हा पेच तेव्हापासूनचा.

आपला जिल्हा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, पण मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला 1 नोव्हेंबर 1956 ला. त्या मोठ्या राज्यात जुना मुंबई प्रांत, विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ असे भाग होते, आणि प्रत्येकाची कायद्याची परंपरा वेगळी. सगळ्यांसाठी एकच वाहनकर आणायला 1958 चा कायदा झाला. थोडी नावं बदलून तोच आजही चालू आहे. त्यातले शब्द नीट बघा: कर आहे तो राज्यात 'वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या' वाहनांवर. गाडी कुठं विकत घेतली याच्यावर नाही. पप्पांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पूर्वी खाजगी गाड्यांचाही कर ठरावीक मुदतीनं भरावा लागायचा. गाडी दुसऱ्या राज्यात गेली की पुढच्या मुदतीपासून तिकडं भरायचं. मी मूळचा फिजिक्सवाला, त्यामुळं मला हे विहिरीच्या झऱ्यासारखं दिसतं: पाणी थोडं, पण रोज येतं. पुढं दुचाकी आणि कारना एकरकमी कर लागू झाला. सरकारची वसुलीची दगदग वाचली, कर चुकवणं अवघड झालं, लोकांचेही हेलपाटे थांबले. फायदा खराच होता. पण पुढच्या कित्येक वर्षांचा पैसा पहिल्याच दिवशी तिजोरीत आला आणि खर्चही झाला. आता पुढच्या वर्षीची कमाई रस्त्यावर किती गाड्या आहेत यावर नाही, तर नवीन किती विकल्या जातात यावर ठरते. एप्रिल 2020 आठवा. शोरूम बंद, म्हणजे हा झराच बंद.

दुसरा परिणाम हद्दीवर झाला. गाडीनं राज्य बदललं की सगळा कर जुन्या राज्याकडे आणि उरलेली वर्षं रस्ते मात्र नव्या राज्याचे. हिशोब जुळवायचा तर एकानं परतावा द्यायचा आणि दुसऱ्यानं गाडीचं वय बघून कमी दरानं नवा कर घ्यायचा. कागदावर हे बरोबर आहे. फक्त दोन सरकारांमधल्या या हिशोबाची ने-आण गाडीवाल्याला करावी लागते.

2017 मध्ये ही हद्द अजून पक्की झाली. 1 जुलैला जीएसटी आला आणि राज्यांचे बरेच कर त्यात विरघळले. जकातही गेली. 57 वी नोंद मात्र तशीच राहिली. स्वतःच्या मर्जीनं दर ठरवता येतील अशी थोडीच साधनं राज्याकडे उरली. त्याच महिन्यात महाराष्ट्रानं एकरकमी कर 2 टक्क्यांनी वाढवला. 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारवर 9 चे 11 टक्के झाले. 8 लाखांच्या गाडीवर 88 हजार. दरांत फरक असला की माणसं वाट शोधतातच. महागड्या गाड्या कमी कराच्या पुदुच्चेरीत नोंदवल्याची प्रकरणं देशभर गाजली. आमच्या सीमेवर ते जमत नाही, कारण कर्नाटकचा दर आपल्याहून जास्त आहे.

सप्टेंबर 2021 पासून बीएच मालिका आली: देशभर एकच नंबर, कर दोन-दोन वर्षांचा. म्हणजे परत झऱ्याकडे! पण ती सैनिक, सरकारी आणि बँक कर्मचारी आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी. उमरग्यातला किराणा दुकानदार त्यात बसत नाही. त्याच्या वाट्याला येते जुनी गाडी. 15 वर्षं झाली की पर्यावरण कर, आणि एप्रिल 2022 पासून कारच्या फेरनोंदणीला 600 ऐवजी 5 हजार रुपये.

जुन्या गाडीनं जास्त भरावं याला प्रदूषणाचं कारण आहे, आणि मला ते पटतं. पण नियम बदलला की तिजोरीत किती आले एवढंच बघून भागत नाही. कधी आले आणि कुणाच्या खिशातून आले, तेही बघावं लागतं.

पप्पांनी कर भरला. तिकडच्या परताव्याचा अर्ज केला नाही. मी कायदा समजावून सांगितला, तर त्यांनी बोटांवर हिशोब केला: किती खेपा, किती दिवस दुकान बंद. म्हणाले, "राहू दे." असे किती 'राहू दे' एखाद्या सरकारच्या तिजोरीत पडून असतील, ते अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दिसत नाही.