सिडनहॅम ते सुकेती

जबलपूरला बदली होऊन आलेला मराठी अधिकारी पहिला महिना घर लावण्यात घालवतो. मग पाहुणे येऊ लागतात, आणि त्यांना घेऊन तो भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांतून होडीने फिरून येतो. मदनमहालही होतो. बडा शिमला टेकडीकडे मात्र सहसा कोणी पाहुण्यांना नेत नाही. नेऊन दाखवायचे काय, असेही कोणी विचारील.

तरीही १८२८ साली याच टेकडीच्या परिसरात कॅप्टन स्लीमन यांना दगड झालेली काही हाडे सापडली. हेच ते स्लीमन, ज्यांचे नाव ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. जीवाश्म शोधणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता. ते आपल्यासारखेच मुलखाबाहेर नेमणुकीवर आलेले अधिकारी होते, पण पायाखालच्या दगडाकडे पाहण्याची सवय त्यांना होती. इंग्लंडात बकलँड यांनी मेगॅलोसॉरसचे वर्णन छापले ते १८२४ साली. जबलपूरची हाडे त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी हाती आली. ‘डायनोसॉर’ हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. स्लीमन यांच्याकडून ती डॉ. स्पिल्सबरी यांच्याकडे गेली आणि तेथून कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे. १८७७ साली रिचर्ड लायडेकर यांनी शेपटीच्या त्या मणक्यांच्या आधारे ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे ते मणकेच दिसेनासे झाले. नाव जगभरच्या ग्रंथांत राहिले आणि ज्याला नाव दिले ती वस्तू हरवली! त्यांतला एक मणका २०१२ साली कोलकात्यातच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात, धनंजय मोहबे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती पुन्हा लागला.

हा दोष कोणा एका कारकुनाचा नसावा. त्या मणक्याचा प्राणी कसा दिसत असेल, हे आपल्या देशात सामान्य माणसाला कोणी कधी दाखवलेच नाही. जे कोणी डोळ्यांपुढे आणले नाही त्याची चौकशी तरी कोण करणार? म्हणून ज्यांनी प्रथम ते दाखवले त्यांची हकीकत येथे सांगावीशी वाटते.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनाचा काचमहाल हाइड पार्कातून हलवून सिडनहॅमच्या टेकडीवर पुन्हा उभारण्याचे ठरले, तेव्हा त्याच्याभोवतीच्या बागेत लुप्त प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिमा असाव्यात अशी योजना निघाली. शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांची नेमणूक झाली आणि शास्त्रीय सल्ल्यासाठी रिचर्ड ओवेन यांचे नाव पुढे आले. ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ साली ओवेन यांनीच घडवला होता. इग्वानोडॉनचे पहिले वर्णन करणारे डॉ. गिडियन मँटेल १८५२ साली वारले. उतारवयात त्यांचे असे मत झाले होते की या प्राण्याचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा बारीक असावेत. ओवेन यांना ते पटले नव्हते; त्यांच्या मनातला डायनोसॉर गेंड्यासारखा, चार जाड खांबांवर उभा असलेला होता. मूर्ती घडली ती त्यांच्या मताने.

ती कशाची घडली याचा हिशेब हॉकिन्स यांनी १८५४ साली एका व्याख्यानात दिला आहे, आणि बांधकाम खात्यातील आमच्या वाचकांस तो परिचयाचा वाटेल. एका इग्वानोडॉनसाठी प्रत्येकी ९ फूट लांब व ७ इंच व्यासाचे लोखंडी खांब ४, विटा ६००, पाण्याच्या निचऱ्याची ५ इंची अर्धगोल कौले ६५०, साधी कौले ९००, सिमेंटची पिंपे ३८, फोडलेल्या दगडाची पिंपे ९०, शिवाय लोखंडी पट्टी १०० फूट आणि इंची सळई २० फूट. चार खांबांवर घर उभारण्यापेक्षा हे काम कमी नाही, असे हॉकिन्स यांचे म्हणणे होते. अंदाजपत्रकाच्या भाषेत बोलणारा शिल्पकार आमच्या तरी वाचनात दुसरा नाही.

३१ डिसेंबर १८५३ रोजी याच इग्वानोडॉनच्या साच्यात हॉकिन्स यांनी मेजवानी दिली. २१ पाहुणे प्राण्याच्या पोटात बसले आणि ओवेन डोक्याच्या बाजूला. जाहिरातीचा हा प्रकार आजही कोणाला सुचणार नाही. १० जून १८५४ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते महालाचे व बागेचे उद्‌घाटन झाले. सुमारे ३० प्रतिमांपैकी खरे डायनोसॉर चारच होते: दोन इग्वानोडॉन, एक मेगॅलोसॉरस व एक हायलिओसॉरस. बाकीचे मगरीसारखे, बेडकासारखे, माशासारखे प्राणी. डायसिनोडॉनची कवटीच काय ती ठाऊक होती, म्हणून त्याच्या अंगावर कासवाची ढाल चढवली गेली. लोकांनी यापूर्वी हे प्राणी पाहिले होते ते चित्रांत. आता तळ्याच्या काठी, झाडांच्या आडून, अंगावर येतील असे ते उभे होते आणि तिकीट काढून कोणीही त्यांना पाहू शकत होता. ज्ञान विद्वत्सभेच्या बैठकीतून उठून बागेत येऊन बसले, ही गोष्ट आम्हांस मेजवानीपेक्षा मोठी वाटते.

आता चुकीविषयी. इग्वानोडॉनच्या नाकावर गेंड्यासारखे शिंग बसवले होते, कारण तसे एक टोकदार हाड सापडले होते. १८७८ साली बेल्जियममधील बेर्निसार येथे कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे ३० हून अधिक सांगाडे निघाले. लुई डोलो यांनी त्यांचा अभ्यास केला, आणि ते शिंग नाकाचे नसून हाताच्या अंगठ्याचे आहे हे निर्विवाद ठरले. पुढचे पायही मागच्यांपेक्षा लहान निघाले. मँटेल यांचा तर्क बरोबर होता. सिडनहॅमचे प्राणी थट्टेचा विषय झाले. आमचे मत थट्टा करणाऱ्यांच्या बाजूचे नाही. चुकीची का होईना, मूर्ती डोळ्यांसमोर उभी होती म्हणून कोठे चुकले ते पोरासोरांनाही कळले. जबलपूरच्या मणक्यावर कोणी चुकीचे शिंग बसवले नाही, ते कपाटातच राहिले.

हौस मात्र खर्चिक असते. १८५५ साली पैसा आटला आणि काम थांबले. योजलेले मॅमथ घडलेच नाहीत. पुढे हॉकिन्स न्यूयॉर्कला गेले. तेथील सेंट्रल पार्कासाठी ते असेच संग्रहालय घडवीत असता मे १८७१ मध्ये त्यांच्या कारखान्यातील प्रतिमा घणांनी फोडून टाकण्यात आल्या. सिडनहॅमचा काचमहाल ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळाला. विटाकौलांचे प्राणी तेवढे वाचले. २००७ साली त्यांना संरक्षित वास्तूंतील पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला, तो त्या चुकीच्या शिंगासकट.

आपल्याकडे अशी बाग उभी राहण्यास १९७४ साल उजाडावे लागले, आणि तीही डायनोसॉरची नव्हे. हिमाचल प्रदेशच्या सिरमौर जिल्ह्यात, मार्कंडा नदीच्या खोऱ्यात सुकेती नावाचे गाव आहे. डायनोसॉर नाहीसे झाले त्याला साडेसहा कोटी वर्षे झाली. सुकेतीचे प्राणी त्या मानाने कालपरवाचे, सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीचे. शिवालिकच्या रांगांतील या हाडांची कीर्ती केली तीही दोन नोकरदारांनीच. दोआबातील कालव्याच्या कामावरचे प्रॉबी कॉटली आणि सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. ह्यू फाल्कनर हे ते दोघे. १८३७ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेने दोघांना मिळून वोलास्टन पदक दिले. त्यांनी एका प्राण्याला शिवाचे नाव दिले, ‘सिवाथेरियम’; आणि लांबलचक सुळ्यांच्या हत्तीला गणेशाचे, ‘स्टेगोडॉन गणेसा’. परक्यांनी ठेवलेली ही नावे आम्हांस आवडतात.

सुकेतीला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सहा प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिमा फायबरग्लासमध्ये घडवल्या. त्यांत चार शिंगांचा जिराफ आहे, गणेशाचा हत्ती आहे आणि ज्याच्या पाठीवर संसार मांडता येईल असे कासव आहे. सिडनहॅमपेक्षा सुकेती एका बाबतीत सरस आहे. सिडनहॅमला हाडे दूरदूरच्या खाणींतली आणि बाग राजधानीच्या लोकांच्या सोयीची. सुकेतीला ज्या डोंगरातून हाडे निघाली त्याच डोंगराच्या पायथ्याशी प्राणी उभे आहेत. चंदीगड वा अंबाल्याकडे असलेल्या मंडळींनी एक रविवार तिकडे घालवावा.

डायनोसॉरची पाळी आली ती गुजरातेत. बालासिनोरजवळील रायोली येथे १९८१ पासून हाडे व अंडी मिळू लागली. तोवर गावकऱ्यांच्या लेखी ते दगडच होते; अशाच एका गोल दगडाचा मसाला वाटण्यास उपयोग होत असल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. येथील हाडांवरून २००३ साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ या मांसाहारी प्राण्याचे नाव जाहीर झाले. त्याच्याही डोक्यावर शिंग आहे. पण ते तर्काने बसवलेले नाही. कवटीच्या हाडांतच त्याचा उंचवटा आहे. लांबी मात्र प्रथम सुमारे ३० फूट सांगितली गेली आणि २०१६ साली एका अभ्यासाने ती २२ फुटांपर्यंत खाली आणली. २०१९ साली रायोलीला संग्रहालय उघडले आणि राजासॉरस तेथे सदेह उभा राहिला.

माळव्यात असलेल्या वाचकांना एवढेही दूर जावयास नको. पवारांच्या धार जिल्ह्यात बागजवळ डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान २०११ साली घोषित झाले आहे, आणि याच जिल्ह्यातून ९२ घरटी व २५६ अंडी मिळाल्याचा निबंध २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील पाडल्या गावची बातमी आली. शेतात सापडणाऱ्या तळहाताएवढ्या गोल दगडांना गावकरी पिढ्यान्‌पिढ्या काकर भैरव म्हणून पुजत आले होते, शेताची व गुराढोरांची राखण त्यांच्याकडे होती. लखनौहून आलेल्या अभ्यासकांनी पाहिले तेव्हा ती डायनोसॉरची अंडी निघाली. ती कोणत्याही संग्रहालयाच्या नोंदवहीत नव्हती. पण एकही हरवले नसेल तर नवल नाही, कारण आजोबांनी ती नातवाला दाखवलेली होती.