रिकाम्या स्लॉटची गोष्ट

नागभीडच्या माणसाला 'गेज' हा शब्द शिकवावा लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेने आपल्या झाडीपट्टीत नॅरोगेजचे रूळ टाकले. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. पुढे नव्वदच्या दशकात गोंदिया ते चांदा फोर्ट हा मार्ग साडेपाच फुटांचा, म्हणजे ब्रॉडगेज झाला. पण नागपूरहून उमरेड, भिवापूर करत येणारी लहान गाडी नोव्हेंबर २०१९ पर्यंत अडीच फुटांवरच धावत राहिली. सुमारे वीस वर्षे एकाच स्टेशनात दोन मापांचे रूळ होते. वडशाहून येणारी मोठी गाडी कितीही वेगाने येवो, नागपूरचा उतारू इथे उतरायचा, बोचके डोक्यावर घ्यायचा आणि लहान गाडीत जागा शोधायचा. पुढचा वेग ती लहान गाडी ठरवायची.

घरातला दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप संगणक असाच चालतो. सकाळी बटण दाबावे, चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावर चक्र फिरतेच आहे. आपण म्हणतो, संगणक म्हातारा झाला. खरे तर त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, एका सेकंदात कोट्यवधी क्रिया सहज करतो. खोळंबा होतो तो हार्ड डिस्कपाशी. तिच्यात चकत्या फिरतात, मिनिटाला ७२०० वेळा. आकडा मोठा वाटतो, पण एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. वाचणारी सुई योग्य वर्तुळावर जायची, मग हवी ती जागा तिच्याखाली यायची, तोवर प्रोसेसर फलाटावर उभा! शेकडो लहान फायली उघडायच्या असल्या की हे थांबणे साचत जाते.

त्यावरचा आजचा उपाय म्हणजे एसएसडी. यात फिरणारे काही नाही, नुसत्या चिप. तिचा वेगवान प्रकार, ज्याला एनव्हीएमई म्हणतात, तो २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब, च्युइंगमच्या पट्टीएवढा. जुन्या मदरबोर्डवर ही पट्टी बसवायची जागाच नसते. मग काही शे रुपयांचे एक अॅडॉप्टर कार्ड आणतात, पट्टी त्यावर स्क्रूने बसवतात आणि ते कार्ड मदरबोर्डच्या रिकाम्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये दाबतात. कार्डावर फारशी अक्कल नसते. ते बहुतांशी नुसत्या तारांची वाट असते. आपल्या स्टेशनावरच्या जिन्यासारखे म्हणा, या फलाटावरून त्या फलाटावर.

पण मला आज बोलायचे आहे ते त्या रिकाम्या स्लॉटबद्दल. कारण मराठी भाषा संगणकात शिरली ती एका अर्थी अशाच स्लॉटमधून.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हा त्यात पाच स्लॉट होते. आत काय बसवायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. कंपनीने यंत्राचे नकाशेही पुस्तकात छापले होते. मोठ्या कंपन्या अशी उदारता क्वचित दाखवतात, आणि ही दाखवल्याचा पुढे त्यांना पश्चात्ताप झाला असेल तर नवल नाही, कारण जगभर त्याच्या नकला निघाल्या. पण त्यामुळेच अमेरिकेत १९८५ मध्ये प्लस डेव्हलपमेंट या कंपनीला 'हार्डकार्ड' काढता आले. दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क अख्खी एका कार्डावर चढवलेली. स्लॉटमध्ये दाबा आणि वापरा. आजच्या एसएसडी कार्डाचा हा पणजोबा. आज मोबाइलमधले दोन-चार फोटो त्यात मावले असते.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. यंत्र आले, पण त्याला फक्त इंग्रजी येत होते. त्या संगणकाच्या मूळ संहितेत १२८ जागा होत्या आणि त्या रोमन अक्षरे, आकडे आणि खुणांनी भरलेल्या. 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठे ठेवायचे? काना, मात्रा, वेलांटी, रफार यांचे काय? आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकापासून या प्रश्नामागे होते. मोहन तांबे यांनी ते काम पुढे नेले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि हे तंत्र तिथे आले. त्याचे नाव 'जिस्ट', आणि त्याचे लोकांच्या हाती पडलेले रूप म्हणजे जिस्ट कार्ड.

डॉसवर चालणाऱ्या साध्या पीसीचे झाकण उघडायचे, कार्ड स्लॉटमध्ये बसवायचे, झाकण लावायचे. त्याच वर्डस्टारमध्ये, त्याच डीबेसमध्ये आता मराठी उमटू लागे. मूळ प्रोग्रामला याचा पत्ताही नसे. तो आपला आकडे पाठवत राही. ते आकडे वाचून जोडाक्षर कसे जुळवायचे, वेलांटी अक्षराच्या आधी कशी काढायची, हे कार्ड बघून घेई. अक्षरांचे क्रमांक 'इस्की' या संहितेतून येत. तिला १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोची मान्यता मिळाली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांसाठी एकच संहिता, त्यामुळे तेच लेखन बांगलात वा तेलुगूत उलगडून दाखवता येई. उर्दूसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्या मात्र तिच्याबाहेर राहिल्या.

सी-डॅक म्हटले की सगळ्यांना १९९१ चा परम महासंगणक आठवतो. आठवावाच. अमेरिकेने क्रे महासंगणक देताना आडकाठी केली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात आपला महासंगणक उभा राहिला, ही गोष्ट शाळेत सांगण्यासारखी आहे. पण कारकुनाच्या टेबलावर मराठी आणणाऱ्या त्या हातभर कार्डाला कोणी आठवत नाही. भाषेवर पोट असलेल्या माझ्यासारख्याला त्याचे मोल परमपेक्षा कमी वाटत नाही.

इकडे चिपमधल्या स्मृतीचीही वाटचाल चालू होती. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी १९८४ मध्ये जगापुढे मांडली आणि आजच्या एसएसडीत असते ती नँड जात १९८७ मध्ये. सगळे एका झटक्यात पुसले जाते, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे, म्हणून एका सहकाऱ्याने हे नाव सुचवले. पेंटियममुळे प्रसिद्ध झालेले विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. इंटेलच्या पहिल्या फ्लॅश मेमरी तंत्राच्या जनकांत त्यांचे नाव घेतले जाते. ज्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये आपण कार्ड बसवतो, त्याच्या घडणीत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट यांचा मोठा वाटा आहे. हा स्लॉट २००३ चा, तर एनव्हीएमईचे नियम २०११ चे. म्हणजे स्लॉट तयार झाला तेव्हा त्यात पुढे काय येऊन बसेल हे ठरलेलेच नव्हते.

आता थोडे व्यवहाराचे. स्लॉटलाही गेज असते! चार पदरी किंवा त्याहून लांब स्लॉटमध्येच हे कार्ड आपला वेग दाखवते. तिसऱ्या पिढीच्या चार पदरांवरून सेकंदाला साडेतीन हजार मेगाबाइटच्या आसपास माहिती जाते. दुसऱ्या पिढीच्या एका पदरावर पाचशेही गाठत नाही, आणि तेवढा वेग तर साध्या साटा केबलची स्वस्त एसएसडीही देते. म्हणून पत्रे लिहिणाऱ्याने, हिशेब ठेवणाऱ्याने साटा एसएसडी घेतली तरी भागते; हार्ड डिस्कवरून तिच्यावर आल्याचा फरक डोळ्यांत भरतो, त्यापुढचा रोजच्या कामात फारसा जाणवत नाही. ज्यांना व्हिडिओ कापायचे आहेत त्यांनी कार्डाचा विचार करावा. साधारण २०१४ च्या आधीचे अनेक मदरबोर्ड एनव्हीएमईवरून सुरूच होत नाहीत. तिथे विंडोज साटावर ठेवून कार्डावर फक्त फायली ठेवाव्या लागतात. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा मे महिना ध्यानात घ्या. ही पट्टी तापली की आपला वेग आपणच कमी करते. वर अॅल्युमिनियमची पट्टी लावावी, कॅबिनेटमधली धूळ झाडावी.

हे सगळे कशासाठी? विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ च्या अटींत कितीतरी धडधाकट संगणक बसत नाहीत. एसएसडी घातली, लिनक्स चढवले तर ते आणखी काही वर्षे काम करतील. नाहीतर ते भंगारात जातील, आणि त्यांच्याबरोबर आतली हार्ड डिस्कही. मला धास्ती आहे ती तिची. जिस्ट कार्ड गेले, विंडोज आले, तेव्हा गावोगावच्या डीटीपी दुकानांनी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे फॉन्ट घेतले. त्यात अक्षर साठत नव्हते, अक्षराचा आकार साठत होता, आणि प्रत्येक फॉन्टचा हिशेब निराळा. लग्नपत्रिका, ग्रंथालयांच्या स्मरणिका, झाडीपट्टीच्या नाटकांच्या संहिता आणि हस्तपत्रके, आमच्यासारख्यांचे कवितासंग्रह, हे सारे अशा डिस्कांत पडून आहे. युनिकोड रुळल्यावर नवा मजकूर सुरक्षित झाला. जुना तसाच राहिला. तो वेगवान एसएसडीवर क्षणात उतरवता येईल, पण फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. तिथे कार्ड काही करू शकत नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम मात्र आहेत, आणि त्यांना एकच गोष्ट सांगावी लागते: मूळ फॉन्ट कोणता.

तेव्हा नवी एसएसडी बसवाल त्या दिवशी जुनी डिस्क फेकू नका. चार्ज गळून गेला की चिपही विसरते, विशेषतः वर्षानुवर्षे बंद ठेवलेली. म्हणून प्रत दोन ठिकाणी हवी. जुन्या संगणकातली फॉन्टची फोल्डर सोबत उतरवून घ्या. मग डिस्क काढा, कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर पेनाने लिहा: आत काय आहे, कोणत्या सालचे, कोणत्या फॉन्टमध्ये.