आधी गोष्ट, मग रंग : कारंज्याच्या पोथ्या काय सांगतात

वाशिमच्या एका ताईंनी विचारलंय, "मुलगा मराठी वाचतच नाही. रंगीत ई-रीडर घेऊन दिला तर वाचेल का?" प्रश्न आजचा आहे, पण उत्तरासाठी मी ताईंना त्यांच्याच जिल्ह्यातल्या कारंज्याला नेणार आहे.

कारंजा लाड हे जैन भट्टारकांचं जुनं पीठ. इथली पोथीभांडारं मोठी. डॉ. हिरालाल जैन यांनी इथल्या अपभ्रंश पोथ्या अभ्यासकांसमोर आणल्या. आता पोथीचं पान डोळ्यांसमोर आणा. मजकूर काळ्या शाईत, आणि तांबडा रंग फक्त मथळ्याला, श्लोकाच्या अंकाला, दंडाला. रंगाचं काम नजरेला वाट दाखवणं. पंडिताला तेवढं पुरायचं.

पण अठराव्या शतकात कारंज्याच्या भट्टारक देवेंद्रकीर्तींचे शिष्य जिनसागर यांनी सुगंधदशमीची कथा मराठीत रचली. भाद्रपद शुद्ध दशमीच्या व्रताची ही कथा, म्हणजे लोकांच्या आवडीची. तिची रंगीत चित्रांची पोथी नागपूरला मिळाली, आणि हिरालाल जैन यांनीच ती १९६६ मध्ये चित्रांसह प्रसिद्ध केली. क्रम लक्षात घ्या : आधी लोकांची भाषा, मग लोकांची गोष्ट, त्यानंतर रंग.

ई-रीडरचंही तसंच झालं. २००७ चं पहिलं किंडल काळंपांढरं होतं, तरी कादंबऱ्या वाचणाऱ्यांनी ते उचललं. मराठी पुस्तकं त्यावर रीतसर आली २०१६ च्या डिसेंबरात. किंडलचा रंगीत पडदा आला २०२४ मध्ये. त्यात काळ्यापांढऱ्या ई-शाईवर रंगांची गाळणी बसवतात. त्यामुळे पडदा जरा मंद दिसतो. अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांची, पण रंगीत चित्र १५० चंच. म्हणजे निव्वळ कादंबरीसाठी रंग हा तोटाच. चित्रकथा, नकाशे, मुलांची पुस्तकं यांना मात्र तो हवाच.

तेव्हा ताई, पैसे लगेच खर्चू नका. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. आठवडाभर रोज एक गोष्ट मुलाशेजारी बसून वाचा. त्यानं आपणहून पुढचा अंक मागितला, तर रंगीत यंत्र जरूर घ्या, आणि पडदा मोठा बघून घ्या, कारण मासिकाचं अख्खं पान लहान पडद्यावर मुंगीएवढं दिसतं.

नाहीच मागितला, तर यंत्र नको. दुसरी गोष्ट शोधा.