मांडीवरची कोरी जागा

मंडळी, आज एका इंग्रजी चित्राकडे पाहू. पाहताना शेतकऱ्याची नजर ठेवा, म्हणजे झालं.

चित्राचा उजवा अर्धा भाग म्हणजे नुसतं शेत. कापणी झालेली, पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या, मागे कुंपणात मेंढरं. डावीकडे ओकच्या झाडाखाली बाकावर एक तरुण मुलगी बसली आहे. निळा रेशमी झगा, डोक्यावर गवती टोपी, पायांत नाजूक सपाता. असल्या सपाता घालून ही ढेकळांतून आली तरी कशी, हे चित्रकारालाच ठाऊक! शेजारी नवरा उभा. काखेत बंदूक, पायाशी कुत्रा.

ही फ्रान्सिस कार्टर. १७४८ साली सडबरी गावात रॉबर्ट अँड्र्यूजशी तिचं लग्न झालं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्या चर्चचा मनोरा झाडांतून दिसतो. त्याच गावच्या टॉमस गेन्सबरोने १७५० च्या सुमारास हे चित्र काढलं. तोही तेव्हा विशीतलाच.

आता शेतातली धसकटं पाहा. अगदी सरळ ओळीत आहेत. मुठीने बी फेकलं तर अशा ओळी येत नाहीत. जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास पेरणीचं यंत्र तयार केलं होतं. आपल्याकडे पाभर जुनीच, पण तिकडे ही नवलाई होती, आणि रॉबर्टरावांना ती मिरवायची आहे. मात्र इतक्या पेंढ्या बांधणारा एकही मजूर चित्रात नाही. मला हे फार खटकतं.

आणि फ्रान्सिस? त्या काळच्या इंग्रजी कायद्याने, वेगळा करार केलेला नसेल तर, लग्नानंतर बाईच्या जमिनीचा कारभार आणि उत्पन्न नवऱ्याच्या हाती जाई. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. फ्रान्सिस तर १७८० मध्येच वारली.

चित्र घराण्यातच राहिलं. १९६० साली लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते घेतलं. लोक जवळ जाऊन पाहतात तो तिची मांडी. तिथे रंगच नाही, कोरं कापड तसंच सोडलेलं. कोणी म्हणतात, नवऱ्याने मारलेला पक्षी तिथे यायचा होता. कोणी म्हणतात, पुढे होणारं मूल.

गुरुजी, हे चित्र हाती आलं तर वर्गात मुलींनाच विचारून पाहा, त्या जागी काय काढाल?