‘सुहैली’ नौकेचा डेक

जाड फळ्या म्हणजे मजबूत नौका, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस समुद्र व शिडे ही नवीन नाहीत. म्हणून या महोत्सवी अंकात सदर समजाची परीक्षा मुंबईत बांधलेल्या एका नौकेच्या इतिहासाच्या आधारे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम डेकवर भार कसा येतो, ते पाहू. शिडात वारा भरला की डोलकाठी खाली रेटली जाते व तिला दोहों बाजूंनी धरणारे दोर वर खेचू लागतात. ही ओढ डेकवरील कड्या, कप्प्या व खुंट यांवर येते आणि त्यांच्या बोल्टांवाटे लाकडात उतरते. बोल्टाचे भोक बोटाएवढे, परंतु ओढ कित्येक मणांची. ती एकट्या फळीने सोसावयाची म्हटल्यास फळी चिरते. तीच ओढ फळीखालच्या रुंद आधारपट्टीवर, तेथून आडव्या तुळयांवर व शेवटी नौकेच्या बरगड्यांवर वाटली गेली, तर साधी फळीही टिकते. सारांश, बळ जाडीपेक्षा भाराच्या वाटणीत आहे.

‘सुहैली’ ही सुमारे 32 फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची सागवानी नौका. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्दी तरुणाने ती 1963 नंतर मुंबईत बांधविली. वाकस व दोरीने फिरविण्याचा सामता अशा जुन्या हत्यारांनी येथील सुतारांनी ती घडविली. दिनांक 14 जून 1968 रोजी तो एकटा तीत बसून इंग्लंडमधील फाल्मथहून निघाला आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, वाटेत कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तेथेच परतला. एकट्याने न थांबता केलेली ती पहिलीच प्रदक्षिणा होय. शर्यतीस निघालेल्या नऊ जणांपैकी ती पुरी करणारा तो एकटाच.

परंतु ही कीर्ती सप्टेंबर 1968 मध्येच बुडावयाची होती. दक्षिण महासागरात एका प्रचंड लाटेने नौका कुशीवर पाडली. ती पुन्हा उभी राहिली खरी, तथापि केबिनच्या कडेने भेगा पडून सारे छप्पर जागचे किंचित सरकलेले आढळले. असाच दुसरा तडाखा बसता तर छप्पर उखडून डेकमध्ये भगदाड पडले असते व नौका भरून गेली असती. जवळ ना बंदर, ना सुतार. अशा स्थितीत त्याने जादा बोल्ट व स्क्रू बसवून केबिन पुन्हा जखडली. भार थोड्या खिळ्यांवर न राहता अनेकांवर वाटला गेला, आणि पुढील सात महिन्यांचा प्रवास त्या जखडलेल्या छपराखाली पार पडला.

पुढे ही नौका इंग्लंडमधील ग्रिनिच येथील संग्रहालयात ठेवण्यात आली. परंतु तेथील कोरड्या हवेने फळ्या आकसू लागल्यामुळे 2002 साली मालकाने ती बाहेर काढली. नंतर तिचे गंजलेले लोखंडी बंध बदलून ती पुन्हा समुद्रयोग्य करण्यात आली, व 2018 साली प्रस्थानाच्या सुवर्णमहोत्सवास ती फाल्मथ येथे तरंगत हजर होती.

आता काचतंतूंचे डेक आले आहेत. पुष्कळांत दोन कठीण थरांच्या मध्ये हलके बाल्सा लाकूड असते. बोल्ट आवळताच ते चेपते, व भोकातून पाणी शिरल्यास वरून न दिसता आतून कुजते. यावर उपाय असा : कुजका भाग काढावा, उरलेला पूर्ण वाळवावा, भोक मोठे करून घट्ट इपॉक्सी भरावे, ते कठीण झाल्यावर त्यातूनच नवे भोक पाडावे, आणि खाली रुंद आधारपट्टी देऊन बोल्ट बसवावा. मग पाण्याची गाठ लाकडाशी पडत नाही व दाबही इपॉक्सीवर येतो.

ही परंपरा आमच्या किनाऱ्यावर खंडित झालेली नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर लाकूड, काचतंतू व इपॉक्सी यांनी बांधलेली ‘म्हादेई’ 2009 साली सेवेत दाखल झाली. तीतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, व तत्पूर्वी त्यांनी ‘सुहैली’च्याच स्वामीजवळ शिक्षण घेतले होते.

तरी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या असता, रंगाचा डबा उघडण्यापूर्वी प्रत्येक खुंट हलवून पाहावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. रंगाने भेग झाकते, बुजत नाही.