रोग इथले, विद्या तिथली?

बोईसरच्या एका घरात झालेला वाद मांडतो, कारण तो त्या घरापुरता नाही. वडील तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरीला, मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झालेली. तिला जागतिक आरोग्य आणि उष्णकटिबंधीय वैद्यक या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायची होती. घरातल्या जाणत्या माणसाने निकाल दिला : हे शिकायचे तर लंडनला नाही तर लिव्हरपूलला, तेवढी ऐपत नसेल तर नाद सोडावा. इथे नुसते रोग आहेत, विद्या तिथे आहे. मी त्या बैठकीत होतो. त्या दिवशी मला नीट उत्तर सुचले नाही. आता देतो.

आधी पूर्वपक्षाला न्याय दिला पाहिजे. हे मत अडाणीपणाचे नाही. लिव्हरपूलची शाळा 1898 ची, लंडनची 1899 ची. सव्वाशे वर्षांचे ग्रंथालय, परजीवींचे जतन केलेले नमुने, संशोधनाला मिळणारा पैसा हे सगळे तिथे खरोखर आहे. एखाद्या दुर्मीळ कृमीची ओळख पटवायची तर जगभरचे लोक आजही तिकडेच पाहतात. मी नाकारतो ते एवढेच : तिथे विद्या साठली म्हणून ती तिथेच उगवली, आणि म्हणून आपण फक्त रुग्ण पुरवायचे.

लंडनच्या शाळेचे जनक पॅट्रिक मॅन्सन. त्यांची कीर्ती ज्या शोधावर उभी आहे तो 1877 मध्ये चीनच्या अमॉय बंदरात लागला. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात हे त्यांनी दाखवले, आणि त्यासाठी हिन लो नावाचा त्यांचा माळी डासांच्या खोलीत रात्र काढायला तयार झाला होता. त्याच्या रक्तात जंतू होते. रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला डासाच्या जठरात मलेरियाचा परजीवी पाहिला. तो डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेला होता, आणि रॉस त्याला डासामागे एक आणा देत होते. पुढे रॉस लिव्हरपूलला शिकवायला गेले आणि 1902 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ज्ञान इथून गलबतात चढले आणि तिकडे त्याच्या इमारती झाल्या. लिव्हरपूलच्या शाळेला पहिला पैसा आल्फ्रेड जोन्स या जहाजमालकाने दिला. लंडनची शाळा गोदीतल्या खलाशांच्या रुग्णालयात सुरू झाली. साम्राज्याचे अधिकारी, व्यापारी आणि खलाशी ज्या तापांनी मरत होते, ते ताप आधी अभ्यासाला आले. हिन लोच्या गावाचे पुढे काय, हा त्या अभ्यासक्रमाचा पहिला प्रश्न नव्हता.

इतके लांब कशाला, परळ घ्या. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या जागेत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेग प्रयोगशाळा उभी राहिली. 1925 पासून तिला हाफकिनचे नाव आहे. 1905 नंतर प्लेग आयोगाने याच मुंबईत गिनीपिगांचे पिंजरे लावून उंदरांवरच्या पिसवा रोग कसा नेतात ते पक्के सिद्ध केले. जगातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेली ही गोष्ट चर्चगेटहून निघालेल्या डहाणू लोकलच्या वाटेवर घडली आहे.

यावर कोणी म्हणेल की हे सारे गोऱ्यांचेच काम. मग हिंमतराव बावस्कर आठवा. महाडजवळच्या बिरवाडीत सरकारी डॉक्टर म्हणून गेले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले आणि शेतकरी त्यांच्यासमोर मरत होते. पुस्तकांत याचे उत्तर नव्हते. ते रात्ररात्र रुग्णाच्या खाटेशी बसले, नाडी, रक्तदाब, हातापायांचा थंडपणा, घाम यांच्या नोंदी केल्या, आणि हा मृत्यू हृदय व फुप्फुसांच्या वाटेने येतो हे ओळखले. 1982 मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचे निरीक्षण छापले. मग रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, त्यांनी या दंशावर वापरली. 1986 मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आले. विंचवाच्या विषाने शरीरात जो संप्रेरकांचा लोंढा सुटतो, त्याचा रक्तवाहिन्यांवरचा मारा ही गोळी अडवते. कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात राहील इतकी ती स्वस्त आहे. हे उष्णकटिबंधीय वैद्यक नव्हे तर काय?

मात्र माझ्या बाजूला अडचणीचे ठरेल असे एक उदाहरण आहे आणि ते लपवणे अप्रामाणिक होईल. अभय आणि राणी बंग 1984 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले. म्हणजे पूर्वपक्ष जिंकला का? त्यांनी तिथून काय आणले ते पाहा. नमुना कसा निवडावा, मोजावे कसे, तुलनेचा गट कसा ठेवावा : पद्धत आणली. प्रश्न त्यांना गडचिरोलीने दिले. दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, त्यांतल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते. हा निबंध 1989 चा. बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळ जपण्याची त्यांची रीत 1999 मध्ये छापून आली, तेव्हा तिसऱ्या वर्षाअखेर नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी उतरले होते. 2011 पासून ती रीत देशभर आशाताईंच्या कामाचा भाग झाली. बोईसरजवळच्या पाड्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळाचे वजन घ्यायला येते, ती गडचिरोलीची विद्या आहे. तेव्हा परदेशी जाऊ नये असे मी म्हणत नाही. प्रश्न सोबत घेऊन जावे, तिथे जाऊन उसना घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

आता त्या 'उष्णकटिबंधीय' शब्दाकडे येतो, कारण गैरसमजाचे मूळ तिथे आहे. हा शब्द असे सुचवतो की ऊन आणि पाऊस माणसांना आजारी पाडतात, आपण उष्ण प्रदेशात जन्मलो तेव्हा हे भोग आहेतच. सिंगापूर जवळजवळ विषुववृत्तावर आहे, बोईसरपेक्षा कितीतरी अधिक दमट. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला 1982 मध्येच मलेरियामुक्त ठरवले. श्रीलंका 2016 मध्ये मुक्त झाली. उलट थंड इंग्लंडच्या एसेक्स-केंटच्या दलदलीत एकेकाळी हिवतापाने माणसे मरत होती. पाण्याचा निचरा झाला, घरे सुधारली, तेव्हा तो गेला. हवामान डासाला घर देते हे खरे. पण माणूस आणि डास एका खोलीत राहतात ते खोलीला जाळी नसते म्हणून. तारापूरच्या कारखान्यांभोवतीच्या भाड्याच्या चाळींत पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून दारोदार पिंपे भरून ठेवलेली असतात आणि त्यांत डेंग्यूचा डास अंडी घालतो. यात उन्हाचा दोष किती आणि नळाचा किती, हे ज्याला मोजता येते तो या विषयाचा पदवीधर.

आणि मोजण्यासाठी आमच्या पालघर जिल्ह्यासारखी शाळा नाही. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा : वसई-विरारची महानगरपालिका, तारापूरचे कारखाने, 1969 पासून चालणारे अणुवीज केंद्र, आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगर. तलासरीच्या एखाद्या पाड्यावर मण्यार चावते. तिचा दंश दुखत नाही, सुजतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, श्वास अडकतो. कधी आधी भगताकडे नेतात, मग आरोग्य केंद्रात, आणि तिथून पुढे बहुधा सिल्वासा किंवा वलसाड, कारण मुंबईपेक्षा ते जवळ. तो तिथे दगावला, तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. माणूस पालघरचा, मृत्यू शेजारच्या राज्याच्या किंवा केंद्रशासित प्रदेशाच्या वहीत. पालघरच्या आकड्यात तो कुठून येणार?

ही बारीकसारीक कारकुनी गोष्ट वाटत असेल तर देशाचा आकडा पाहा. 2005 या एका वर्षात भारतात सर्पदंशाने सुमारे 45,900 माणसे गेली, असा अंदाज घरोघरी जाऊन मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अभ्यासाने मांडला. रुग्णालयांच्या कागदांवरून दिसणारी संख्या याच्या पासंगालाही पुरत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत आणले ते 2017 मध्ये. आपल्या केंद्र सरकारने 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि 2030 पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचे ठरवले. निम्मे कशाचे? आधी पूर्ण संख्या हवी. शिवाय आपली प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर असते, आणि तिच्यासाठी लागणारे विष बरेचसे तमिळनाडूतून येते. घोणशीचे विष प्रांताप्रांताला बदलते. डहाणूच्या घोणशीवर ती लस किती चालते, हा प्रश्न डहाणूत उभा राहूनच विचारावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे संशोधन केंद्र डहाणूत आहे आणि सर्पदंशावर तिथून काम झाले आहे, ते यासाठीच.

दर काढताना अंश, म्हणजे मृत्यू, जसे हरवतात तसा छेद, म्हणजे माणसांची संख्या, तोही हरवतो. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबे जगायला बाहेर पडतात, वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. लसीकरणाच्या यादीत मूल गावात, प्रत्यक्षात ते भट्टीवर. उलट दिशेने, बिहार आणि उत्तर प्रदेशातून तारापूरला आलेला कामगार क्षयाचे निदान झाले की पुष्कळदा गावी परततो, आणि त्याचा आजार तारापूरच्या धुळीशी किंवा दहा जणांच्या खोलीशी जोडायला कोणी मागे उरत नाही.

जागतिक आरोग्य हा शब्द ज्यांना विमानतळाची आठवण देतो त्यांना मी तारापूरचा नाला दाखवीन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांनी देशात सर्वांत प्रदूषित ठरले. इथे औषधांचा कच्चा मालही बनतो. हैदराबादजवळ पतंचेरूच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून औषधांना न जुमानणारे जंतू आणि कारखान्यांचे पाणी यांचा संबंध जगभर अभ्यासला जातो. तारापूरच्या पाण्याबद्दल तोच प्रश्न विचारायला परदेशी शिक्का लागत नाही. नमुने घ्यायच्या बाटल्या, प्रयोगशाळा आणि चिकाटी लागते.

त्या बैठकीतला शेवटचा आक्षेप असा होता की गावाला डॉक्टर हवेत, मोजणारे नकोत. डॉक्टर हवेतच, आणि कमी आहेत हे मला मान्य आहे. पण डॉक्टरसमोर रुग्ण पोहोचतो तेव्हा मण्यारीच्या दंशाचे पाच तास निघून गेलेले असतात. ते पाच तास कुठे गेले ते शोधणे दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे. सार्वजनिक आरोग्याची पदवी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, पुण्याच्या विद्यापीठात किंवा कोलकात्यालाही घेता येते. नोकरीची वाट अरुंद आहे. जिल्ह्याच्या साथरोग सर्वेक्षण कक्षातल्या जागा कंत्राटी असतात, आणि हे सरकारने बदलले पाहिजे.

त्या मुलीने परवा विचारले, सुरुवात कुठून करू? तलासरी, वलसाड आणि सिल्वासा या तीन ठिकाणच्या मृत्यूच्या नोंदवह्या परवानगीने शेजारी ठेवायच्या, मूळ गावाच्या नावाने एकेक नोंद जुळवायची, आणि मग प्रत्येक नावामागच्या घरी जाऊन विचारायचे की त्या रात्री काय झाले. प्रबंधाला हे पुरते. बोईसरहून डहाणूकडे जाणारी सकाळची गाडी धरली की पहिल्या घरापर्यंत दुपारच्या आत पोहोचता येते.