मोताळ्याचा उन्हाळा आणि गारव्याचा हिशेब

मलकापूरहून बुलढाण्याकडे जाताना घाट लागण्याआधी मोताळा येते. वरच्या बुलढाण्याला उंचीचा गारवा मिळतो. पायथ्याच्या मोताळ्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. जुन्या वऱ्हाडात त्यावर उपाय होता तो घराच्या बांधणीचा. जाड मातीच्या भिंती आणि पांढऱ्या मातीचे धाबे दुपारची धग आत येऊ देत नसत. ऐपतदारांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागत. खर्च मुख्यतः मजुरीचा: धाब्याची डागडुजी आणि ताटीवर दिवसभर पाणी मारणारा माणूस.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. पुढे वीज घरोघरी आली, तशी धाब्याची जागा टिनपत्र्यांनी आणि सिमेंटच्या छतांनी घेतली. घरे तापू लागली आणि कूलर अपरिहार्य झाला. कूलर म्हणजे विजेवर चालणारी ताटीच. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पावसाळी दमटपणात निरुपयोगी ठरतो. 200 वॅटचा कूलर आठ तासांत 1.6 युनिट घेतो, महिन्याला 48. पाणी भरण्याचे कष्ट मात्र कोणत्याच बिलात दिसत नाहीत.

एसीचा हिशेब इतका सरळ नाही. त्याचे माप अजूनही बर्फाचे आहे: 2,000 पौंड बर्फ 24 तासांत वितळवणारी उष्णता म्हणजे एक टन, सुमारे 3.5 किलोवॅट. दीड टनाचे यंत्र खोलीतून 5.3 किलोवॅट उष्णता काढून घेते, कार्यक्षमता 3.5 असेल तर त्यासाठी दीड किलोवॅट वीज लागते. पूर्ण भाराने आठ तास चालल्यास 12 युनिट, महिन्याला 360. घरचा इतर वापर 100 युनिट धरला तर बेरीज 460 होते. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात, म्हणजे यातले 160 युनिट तिसऱ्या, महागड्या टप्प्यात पडतात. कूलरवाले घर 148 वरच थांबते. सरासरी दराने काढलेला अंदाज इथेच फसतो. स्थिर आकार, वहन आकार आणि 16 टक्के वीजशुल्क वेगळेच.

2006 पासून आलेल्या तारांकनाच्या (स्टार रेटिंगच्या) एसीवरील चिठ्ठीवरचा वार्षिक वीजवापराचा आकडा 1,600 तासांचा असतो. मोताळ्यात तीन महिने, रोज आठ तास धरले तर 720 तासच होतात. त्यामुळे चिठ्ठीवरचे युनिट निम्म्याहून कमी धरावेत, पण ते वर्षभर न विखुरता त्या तीन बिलांतच मोजावेत.